मुसळीचं पान बसायच्या आधी

बाय, तुझ्या दहाव्याला कावळा पहिल्या हाकेला आला आणि मी त्याला मनातल्या मनात लाखोली वाहिली. थोडं तरी ताटकळवायचं होतं मेल्यानं. नदीकाठी सगळी वाडी उभी होती. काळूराम, आपल्या वनसमितीचा अध्यक्ष, हात जोडून सगळ्यांच्या पुढे, जसा काही तुझा सख्खा भाऊच. त्याला घाम फुटला होता. कावळा शिवला नाही तर काय काय कबूल करावं लागेल, याची त्याच्या डोक्यात उजळणी चालली असणार. आणि तू पाठवून दिलास कावळा, झटकन. 'काय नाय ऱ्हायलं तिचं. सुखानं गेली,' तो म्हणाला, आणि सगळे चपला शोधायला लागले.

सुखानं! मी तुझी धाकटी जाऊ. सत्तावीस वर्षं एका ओटीवर तुझ्याशी भांडले. तुझं काय राहिलंय ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते माझ्यामुळे राहिलंय. वाडीत आजही म्हणतात, चांगुणाबायनं मुसळी बुडवली. तुझी राख सावडायच्या आधी नळावर हेच चाललं होतं. बाई चांगली, हाताला गुण व्हता, पन मुसळी बुडवलीन. मी हंडा तिथेच टाकून परत आले. तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. मला सूड हवाय, बाय, आणि तो कोणाकोणाचा, ते लिहायला बसलेय. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुझ्या नावावर मी हवं ते लिहीत आले. आज मोठ्यानं वाचत वाचत लिहितेय.

मी खर्डीची. आमच्याकडे भाताची खाचरं, रेल्वेचं फाटक आणि दहावीपर्यंतची शाळा. रान लांबून बघायचं. लग्न होऊन इथे सिद्धगडाच्या पायथ्याशी आले तेव्हा मला तण कोणतं आणि भाजी कोणती ते कळत नव्हतं. पहिल्याच आषाढात तू मला कुलूची भाजी खुडायला वर नेलंस. मी हौसेनं जुडीच्या जुडी मुळासकट उपटली आणि तू माझ्या हातावर चापट मारलीस. 'पान खा. खालचं नाय. खालचं त्याचं हाय.' त्याचं म्हणजे कोणाचं, मी विचारलं. 'झाडाचं. दुसऱ्या कोनाचं?' त्या कुलूच्या खालीच मुसळी असते, पांढऱ्या बोटांएवढ्या मुळांचा झुबका, हे मला त्या दिवशी कळलं.

थोरल्या मुलीच्या बाळंतपणात मी अशी खचले की उठून बसवेना. तू मुसळीची पूड दुधात शिजवून महिनाभर मला पाजलीस, आणि प्रत्येक वाटीबरोबर एक शिवी. 'पी गो मडमे. एवढी शाळा शिकली नि अंगात रगत नाय.' मी तोंड वाकडं केलं की तू माझं नाक धरायचीस. कोणी आपल्याला त्या वेळी बघितलं असतं तर वाटलं असतं की तू मला मारतेयस. मी जगले, मुलीला अंगावर दूध आलं, आणि तू बाहेर सांगत फिरलीस की खर्डीची माणसं नाजूक असतात.

दर वर्षी पाऊस सरत आला की तू एकटी वर जायचीस. कधी दोनदा, कधी चारदा. रिकाम्या हातानं उतरायचीस, आणि कोणी विचारलं तर एवढंच, 'नाय बसलं अजून.' मुसळीचं पान पिवळं होऊन जमिनीला टेकलं की तू त्याला पान बसलं म्हणायचीस. पान बसलं, शेंग तडकली, काळा दाणा खाली सांडला, की एक दिवस तू एकच झाड मुळासकट आणून गावदेवापुढे ठेवायचीस. वाडी समजायची की खोदाई उघडली. त्याआधी एकही पहार वर जायची नाही. आणि खोदणाऱ्यानं मुळाचा डोळा, जिथून पुढच्या वर्षी कोंब फुटतो तो, एका बारक्या मुळीसकट परत खड्ड्यात लावायचा. कागद नाही, शिक्का नाही, दंड नाही. तरी आपल्या सासूच्या आधीपासून ते चालत आलं होतं.

मग रानावरचा गावाचा हक्क मिळाला, समिती झाली आणि दहावी पास म्हणून मी सचिव झाले. तुला काय आनंद झाला होता! आल्यागेल्याला सांगायचीस, 'आमची सुमी लिवते.' ठाण्याहून एका संस्थेचे सर यायला लागले. समाजमंदिरात पडदा लावून चित्रं दाखवायचे. हवामान बदलतंय, पावसाचा नेम राहिला नाही, रानातली औषधं धोक्यात आहेत, असं म्हणायचे. त्यात खोटं काहीच नव्हतं. तू मागे भिंतीला टेकून डुलक्या घेत होतीस, कारण पावसाचा नेम गेलाय हे तुला कोणी पडद्यावर दाखवायची गरज नव्हती. मग सर म्हणाले, म्हणूनच आता सगळं लेखी हवं. कोणतं औषध कोणत्या दिवसापासून काढायचं, ते ठरवून टाका.

मी तुला हलवून विचारलं, 'बाय, मुसळी कवा काढायची?' तू सांगितलंस आणि मी कच्च्या वहीत पेन्सिलीनं जसंच्या तसं उतरवलं. पान बसलं, दाणा सांडला, की मग. सर वाचून हसले. फार छान आहे म्हणाले, पण नियमात असं चालत नाही, नक्की दिवस लिहा. मी तुझ्याकडे वळून बघितलं. तू पुन्हा डोळे मिटले होतेस. इतकी वर्षं दसऱ्याच्या आसपासच तर खोदाई उघडत होती. म्हणून मी, सुमन, सचिव, पक्क्या वहीत शाईनं लिहिलं, 'श्रीमती चांगुणाबाई यांनी सांगितल्याप्रमाणे मुसळीची खोदाई दसऱ्यापासून.' मला वाटलं, मी तुझंच बोलणं लिहितेय, जरा नीटनेटकं करून. खाली तुझा अंगठा घेतला. अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत तू विचारलंस, 'मी म्हनले तेच लिवलंस ना?'

मी हो म्हणाले.

महिन्याभरात रानाच्या वाटेवर पत्र्याचा फलक लागला. तू त्याच्यापुढे उभी राहून आलीस आणि भाकरी थापता थापता मला विचारलंस, त्याच्यावर काय हाय. मी वाचून दाखवलं. तुझे हात थांबले.

'मी दसरा म्हनले?'

'तेच की गो. एकच झालं.'

'एक कसं? दसरा तुज्या कॅलेंडरात येतो. मी वर जाऊन बगतंय.'

'आणि उद्या तू नसलीस तर? लिहून ठेवलं नाही तर मागे राहणार काय?'

'लिवलं का मंग वर कोन चढतंय बगायला?'

तीन दिवस आपण एकमेकींशी बोललो नाही. ते भांडण आपलं संपलंच नाही. त्या वर्षी पान दसऱ्याच्या आधीच बसलं, आणि मी तुला टोमणा मारला की बघ, माझ्या वहीला सगळं कळतं. तू नुसती हसलीस. हसायला नको होतंस, दोन मुस्कटात मारायला हव्या होत्यास.

पुढच्या वर्षी वैशाखातच पाऊस कोसळला. जमिनीतली मुसळी फसली, आपला दिवस आला समजून तिनं कोंब वर काढला. मग मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली आणि ते कोंब उन्हात करपले. आषाढ सरता सरता ती पुन्हा फुटली, अर्ध्या जिवानं. श्रावणात फुलायची ती भादव्याच्या शेवटी फुलली. आणि पाऊस हटेना. घटस्थापनेला पाऊस, अष्टमीला पाऊस. गुडघ्याला फडकं बांधून तू चारदा वर गेलीस आणि चारदा रिकाम्या हातानं आलीस. 'हिरवंगार हाय गो. शेंग कवळी. दाना पांढरा हाय अजून.' मी म्हटलं, बघू, समितीत विषय काढू. काढला नाही. सरांनी कोणा खरेदीदाराला शब्द दिला होता, टेम्पो दसऱ्यानंतर चार दिवसांनी यायचा होता, आणि मला समितीत मुळुमुळु करणारी बाई व्हायचं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी सगळी वाडी पहारी आणि टोपल्या घेऊन निघाली. तू वाटेत फलकाच्या पुढे उभी राहिलीस. 'आज नाय,' म्हणालीस. 'दिवाळी होऊ दे, मंग बगू. आज खोदाल तर पुढच्या साली खायला नि द्यायला काय नाय ऱ्हानार.' काळूराम पुढे आला. त्यानं फलकावर बोट ठेवलं. 'हे कोनी सांगितलं? तूच ना? अंगठा तुजा हाय, बाय.' तू त्याच्याकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे बघितलंस. माझ्या हातात हजेरीची वही होती. एका वाक्याचं काम होतं. बाय दसरा म्हणाली नव्हती, मी लिहिला. एवढं म्हटलं असतं तर लोक थांबले असते. फार तर हसले असते मला.

'नियम सगळ्यांना सारखा, बाय,' मी म्हणाले.

तू बाजूला झालीस. मी हजेरीत पहिलं नाव माझं लिहिलं.

माती इतकी ओली होती की पहार लागलीच नाही, हातानं ओढलं तरी झुबकेच्या झुबके वर यायचे. लोक खूश झाले. हिरव्या पानासकट डोळे परत खुपसले काहींनी, काहींनी तेवढाही वेळ घालवला नाही. खुपसलेले चिखलात कुजले. मुळं सोलून समाजमंदिरात ताडपत्रीवर पसरली, तर ऊन पडेना. चार दिवसांत त्यांना करडी बुरशी आली. टेम्पो आला तसा रिकामा गेला. सगळा ढीग ओहोळाच्या कडेला फेकला. म्हणजे ती मुसळी कोणा बाळंतिणीच्याही पोटात गेली नाही. संध्याकाळी मी ओहोळावर आले तर तू त्या कुजक्या मुळांच्या ढिगाशी बसून विळ्यानं माती उकरत होतीस आणि एकेक मूठ पुरत होतीस. मला वाटलं, लावतेयस. 'उगवतील का गो?' मी विचारलं.

'डोळा नाय त्याला, काय उगवल? मूठमाती देतंय.'

मी तुझ्याजवळ बसले नाही. घरी आले आणि हजेरीची वही पेटीत ठेवली.

गेल्या आषाढात वर हिरवं आलं, पण कुलू नव्हता. जिथे बसल्या जागी टोपली भरायची, तिथे हिंडून मूठभर पान मिळेना. सर आले, बैठक झाली. ते समजूतदार आवाजात म्हणाले की पारंपरिक ज्ञानाचा आदर आहेच, पण ते प्रत्येक वेळी बरोबर असतंच असं नाही. काळूराम म्हणाला, 'बायनं दसरा सांगितला. आमी तिच्या भरवशावर ऱ्हायलो.' त्या दिवशी तू डुलक्या घेत नव्हतीस. मी वाट बघत होते की आता तू सांगशील. खरं सांगते, मला हवं होतं की तू सांगावंस आणि मी एकदाची सुटावं. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, 'चुकलं असल माजं.'

घरी आल्यावर मी तुझ्यावरच फिस्कारले. का नाही बोललीस? तू तांदूळ निवडत होतीस, खडे बाजूला काढत होतीस. 'तुजी वही खोटी निगाली तर रान आपल्याकडं कोन ऱ्हाऊ देल? माजं काय, म्हनतील म्हातारीचं डोकं फिरलं.' मला तेव्हा रडू यायला हवं होतं. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. 'मला नकोत तुझे उपकार.' आणि ते मी मनापासून म्हणाले होते, बाय. आजही म्हणते. तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला काळूरामापेक्षा जास्त राग येतो. तू सगळा दोष पदरात घेतलास आणि वर माझ्या ताटात भाकरीचा पापुद्रा वाढत राहिलीस, जणू काही झालंच नाही. बाळंतिणी तुझ्याकडे यायच्या बंद झाल्या. ज्यांना तू दोन-दोनदा उभं केलं होतंस त्या बाया वाटेत तुला बघून डोक्यावरचा भारा दुसरीकडे वळवायच्या. मी बघायचे. तू त्यांनाही हाक मारून पोरांची चौकशी करायचीस.

आणि मग चैत्रातली ती दुपार. वर कुठल्याशा कपारीत थोडी मुसळी उरली होती, तुझी तुलाच ठाऊक. रानडुकरांनी ती उकरू नये म्हणून काट्या टाकायला गेलीस. चैत्रात आता असं ऊन पडतं की गुरंसुद्धा सावली सोडत नाहीत, आणि तू म्हातारी पहाड चढून गेलीस. उतरलीस ती ओटीवर टेकलीस. 'सुमे, पानी दे.' पाण्याचा तांब्या तोंडाला लागला तेव्हा तुझा हात तव्यासारखा तापला होता. मुरबाडला पोचेपर्यंत तू बोलायची थांबली होतीस. ऊन लागलं, असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. मी म्हणते, त्या कागदावर माझं नाव लिहायला हवं होतं.

तेव्हापासून मी छोटे छोटे सूड घेत होते, तुला हसू येईल. दहाव्याला काळूरामाच्या पानात मुद्दाम खालची करपलेली खीर वाढली. सर सांत्वनाला आले तर त्यांची खुर्ची अशी टाकली की दुपारचं ऊन थेट तोंडावर यावं, आणि अर्धा तास चहा केलाच नाही. त्यांना संस्थेच्या पुस्तिकेसाठी तुझा फोटो हवा होता. आपल्याकडे एकच आहे, माझ्या लग्नातला, त्यात तू माझ्याकडे बघून जीभ दाखवतेयस. नाही म्हटलं, फोटो नाही. पण यानं काही पोट भरलं नाही. घरी येऊन मी आरशात बघायचे तेव्हा करपलेली खीर ज्या बाईच्या पानात वाढायला हवी ती समोर उभी असायची.

एक मेची ग्रामसभा झाली. सरांनी सुचवलं की समाजमंदिरामागे औषधी झाडांची बाग करू, तिला चांगुणाबाईंचं नाव देऊ. आणि मुसळीचा नियम सुधारू, दसऱ्याऐवजी दिवाळीपासून. मग काळूराम उभा राहिला. गळा भरून आल्यासारखा आवाज काढला. 'मोठी बाई व्हती. चूक झाली तिच्याकडनं. पन गेलेल्या मानसाला गावानं माफ केलं पायजे. आपन तिला माफ करतंव.' माना डोलल्या. बाया पदरानं डोळे टिपायला लागल्या. बाय, त्यांनी तुला माफ केलं! तिथे माझं डोकं सटकलं.

मी उठले. कच्ची वही आणि पक्की वही दोन्ही घेऊनच गेले होते. काय करणार ते तोवर मलाही ठरवता आलं नव्हतं. आधी पेन्सिलीचं वाचलं. पान बसलं, दाणा सांडला, की मग. मग शाईचं वाचलं. आणि सांगितलं की पहिलं तिचं बोलणं आहे, दुसरं माझं, आणि दुसऱ्याच्या खाली तिचा अंगठा मी खोटं बोलून घेतला. काळूराम म्हणाला, 'ए सुमन, गेलेल्या बाईचं आता कशाला उकरतेस?'

'उकरायची हौस आपल्याला जुनी हाय, दादा,' मी म्हणाले, आणि हजेरीची वही उघडली. त्या दसऱ्याला कोण कोण पहार घेऊन वर गेलं त्या सगळ्यांची नावं वाचली. पहिलं माझं. दुसरं काळूरामाचं. मुद्दाम सावकाश वाचली, प्रत्येक नावाला मान वर करून त्या माणसाकडे बघितलं. ज्या दोघींनी नळावर तुला बुडवी म्हटलं त्यांची नावं दोनदा वाचली, आणि ऐकू आलं का, असंही विचारलं. मला बरं वाटत होतं. तू असतीस तर मला खाली बसवलं असतंस, पण तू नव्हतीस. सरांना म्हटलं, दिवाळी लिहू नका, पावसानं तुमची तारीख वाचलेली नाही. त्यांनी मान खाली घातली. खरं सांगायचं तर तेवढ्यापुरता तो माणूस मला बरा वाटला. बागेच्या नावाचा विषय मी वहीत घेतलाच नाही. तुझं नाव पाटीवर टांगून मोकळं व्हायची सोय मी कोणाला देणार नव्हते.

नियम बदलला. आता वहीत तुझं बोलणं आहे, जसंच्या तसं, आणि कोणताही दिवस नाही. मुसळी पुन्हा डोंगरभर दिसेपर्यंत खोदाई बंद, असंही ठरलं. हात वर झाले, काही लाजेनं, काही भीतीनं. मला चालतं. मग काळूरामानं शेवटी माझ्यावर डाव साधलाच. 'आनि पान बसलं का नाय ते बगनार कोन? तू? तुला ती कपार तरी ठावं हाय का?' लोक हसले. आणि मी, जिनं दहा मिनिटांपूर्वी एक खोटं कबूल केलं होतं, ठणकावून सांगितलं, 'बायनं मला दाखवलीय.'

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाले. दुसऱ्या वळणावर गुडघे भरून आले, तिसऱ्यावर धाप. या रानाचा नकाशा मला तोंडपाठ आहे, गट नंबरांसकट, पण तुझी पायवाट कारवीत कुठे वळते ते मला माहीत नव्हतं. एक कपार सापडली, तिथे काट्या नव्हत्या. दुसरीत होत्या, पण त्या वाळून आपोआप पडलेल्या की तुझ्या हाताच्या, कळेना. या दिवसांत मुसळी जमिनीखाली निजलेली असते, वर तिचं काहीच दिसत नाही. दगड, पाचोळा आणि ऊन. मी एका खडकावर बसले आणि तुझ्या नावानं मोठ्यानं ओरडले. का नाही दाखवलीस? सगळं दिलंस, दोष घेतलास, पापुद्रे वाढलेस, मग एवढंच का राखून ठेवलंस? ओरडता ओरडता आठवलं. दर वर्षी निघताना अंगणात थांबून तू विचारायचीस, 'येतेस का गो वर?' आणि मी वहीतून डोकं वर न काढता म्हणायचे, मला मीटिंग आहे. त्या चैत्रातल्या सकाळीसुद्धा तू विचारलं होतंस.

तू कोणावर सूड उगवणारी बाई नव्हतीस. तरी या डोंगरावर मला असं एकटीला बसवलंस, आणि मला ते मान्य आहे.

तेव्हापासून रोज सकाळी जाते. कपार अजून सापडलेली नाही. खाली आले की लोक विचारतात आणि मी म्हणते, आहे, ठीक आहे. पाऊस आला की कळेल. पान वर आलं तर मी काट्या टाकीन, बघत बसेन, आणि ते बसेपर्यंत वाडीतल्या एकालाही पाऊल टाकू देणार नाही. आणि नाही आलं तर पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पुन्हा उभी राहीन. सांगेन की बायनं मला काही दाखवलं नव्हतं, हेही खोटं होतं, आणि मुसळी सुमननं बुडवली. त्याच्या पुढच्या सभेतही सांगेन, त्याच्याही पुढच्या. लोकांच्या तोंडातून तुझं नाव पुसलं जाऊन तिथे माझं येईपर्यंत मी त्यांना सोडणार नाही, बाय, आणि मलाही.